खान्देशातली जुनी झाडं आणि निसर्गाच्या जागा: जायचं कसं, बघायचं कसं

खान्देशात बघण्यासारखं काय आहे, असं बाहेरचे विचारतात तेव्हा वाईट वाटत नाही. जळगाव-धुळ्यातलीच माणसं विचारतात तेव्हा मात्र नवल वाटतं. केळी, कापूस आणि पंचेचाळीसचं ऊन एवढं सांगून आपण मोकळे होतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून पश्चिमेकडे जाणारी तापी, आणि या सगळ्यात विखुरलेले वड, चिंचा, मोह, अंजन, गरम पाण्याचे झरे, मैदानातून उठलेल्या दगडी भिंती. यातलं फारच थोडं पाटी लावून ठेवलेलं आहे. जुनं झाड शिल्लक असतं ते कोणीतरी राखलं म्हणून: पारासाठी, देवासाठी, विहिरीवरच्या सावलीसाठी. त्या राखणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचायचं कसं, हेच या लेखात जास्त आहे. रस्त्याचं काम फोनवरचा नकाशा करील.

आधी महिना ठरवा

ठिकाण आधी आणि तारीख नंतर, हा नेहमीचा क्रम इथे उलटा करा. मे महिन्यात पाटणादेवीला जाऊन "धबधबा कुठंय?" विचारणारे दरवर्षी भेटतात.

पाणी बघायचं असेल तर जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. खान्देश पर्जन्यछायेत येतो. पाऊस लांबला तर जुलैतही ओढे कोरडे असू शकतात, म्हणून निघण्याआधी त्या गावात फोन करून विचारलेलं बरं. पोळ्याच्या आसपासचा काळ सहसा फसवत नाही.

झाडांचा आकार, बुंधा, फांद्यांची ठेवण बघायची असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. पानगळ सुरू झालेली असते आणि कहांडोळाची पांढरी खोडं डोंगरउतारावर लांबूनच उठून दिसतात. सकाळी गारठा असतो, दुपारीही चालता येतं. एकच सहल करायची असेल तर मी याच दिवसांत करीन.

फेब्रुवारीअखेर ते मार्च हा पळस आणि काटेसावरीचा काळ. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे गळतात. एप्रिल-मेमध्ये बहावा फुलतो. या दिवसांत जायचं तर सकाळी दहाच्या आत सगळं आटोपायचं आणि दुपार सावलीत काढायची. भुसावळ-जळगावच्या उन्हाशी पैज लावू नका.

सणांचाही विचार करा. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी प्रसिद्ध आहे. तोरणमाळला महाशिवरात्रीची यात्रा, अस्तंबा डोंगरावर धनत्रयोदशीच्या सुमारास अश्वत्थाम्याची यात्रा, मनुदेवी आणि पाटणादेवीला नवरात्र. माणसं बघायची असतील तर हेच दिवस. झाडं बघायची असतील तर हेच दिवस टाळा.

खान्देशाचे तीन पट्टे

प्रवास आखताना सगळा खान्देश एका दिवसात कोंबू नका. ढोबळमानाने तीन पट्टे आहेत आणि प्रत्येकाची झाडं वेगळी.

पहिला, सातपुडा आणि त्याचा पायथा: रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव. इथे साग, सालई, धावडा, मोह, तेंदू, चारोळी, अंजन, कहांडोळ. पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा आणि वाळूचा जाड थर आहे, भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. पावसाचं पाणी इथून जमिनीत मुरतं आणि खाली रावेर-यावलच्या केळीबागांच्या विहिरींना मिळतं. पायथ्याचा कोरडा नाला म्हणजे वाया गेलेली जमीन असं समजून त्यात कचरा टाकणाऱ्याला हे एकदा सांगायला हवं.

दुसरा, तापी आणि तिच्या उपनद्यांचं मैदान. इथे जंगल नाही. जुनी झाडं आहेत ती गावाच्या वेशीवर, मळ्यात, बांधावर, देवळासमोर: वड, पिंपळ, चिंच, निंब, कवठ, आंबा.

तिसरा, दक्षिणेचा डोंगरकाठ: चाळीसगावची बाजू आणि पश्चिमेला साक्री-पिंपळनेर. इथे दऱ्या आहेत, पावसाळी धबधबे आहेत आणि बेसाल्टचे कडे आहेत.

मुक्कामाला जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे किंवा नंदुरबार सोयीचं. पाचही गावांना रेल्वे आहे. पुढे एसटी, नाहीतर काळी-पिवळी. सातपुड्यातल्या गावांची शेवटची एसटी संध्याकाळी लवकर निघते आणि तिथेच मुक्काम करून सकाळी परतते. परतीची वेळ जाताना कंडक्टरलाच विचारून घ्या.

मैदानातली जुनी झाडं शोधताना

नकाशावर ही झाडं नसतात. उपग्रहाच्या चित्रात मात्र दिसतात: उन्हाळ्यातलं चित्र उघडलं की करड्या शेतात एखादा मोठा गोल हिरवा डाग उठून दिसतो. शेजारी विहिरीचं वर्तुळ किंवा देवळाचा पांढरा ठिपका असेल तर ते झाड बहुतेक जुनंच. अशा पाच-सहा जागा हेरून ठेवा आणि मग गावात जा.

गावात शिरल्यावर आधी पाराकडे. पार बांधलेला वड किंवा पिंपळ गावाच्या मालकीचा असतो, तिथे बसायला कोणी हरकत घेत नाही. त्यानंतर गावदेव, मारुती, वेशीबाहेरचा म्हसोबा, पिंपळाखालचा मुंजोबा, पाण्याजवळच्या आसरा. देवामुळे झाड वाचलं की झाड होतं म्हणून देव बसवला, यावर गावात दोन मतं हमखास मिळतात. दोन्ही ऐकून घ्या.

मग आमराया. जुन्या गावरान आंब्यांच्या राया आता तुरळक उरल्या आहेत, पण जिथे आहेत तिथे प्रत्येक झाडाला नाव असतं: शेप्या, गोटी, खोबऱ्या, साखऱ्या. नाव सांगणारा माणूस सापडला की अर्धं काम झालं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोके बांधतात. वर्षानुवर्षं झोका बांधलेल्या निंबाच्या फांदीवर दोराने घासून पडलेले खोलगट वळ असतात. "झोका कुठल्या झाडाला बांधता?" हा एक प्रश्न गावातलं सगळ्यात भक्कम झाड दाखवून देतो. तो बायकांना विचारा. पुरुष बहुतेक वेळा दुसऱ्याच झाडाकडे बोट दाखवतात.

जुन्या रस्त्यांच्या कडेलाही चिंचा आणि वड होते. चौपदरीकरणात त्यातले पुष्कळ गेले. रस्त्याचं वळण सरळ केलं गेलं असेल तर मागे राहिलेल्या जुन्या तुकड्यावर ते अजून सापडतात. महामार्ग सोडून त्या तुकड्यावरून एक चक्कर मारावी.

विचारण्याची रीत

शेतात, बांधावर किंवा मळ्यात झाड असेल तर मालकाला विचारल्याशिवाय आत जाऊ नका. उभ्या पिकातून तर कधीच नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत अनोळखी माणसाकडे कोणीही संशयानेच बघतं, त्यात त्यांची चूक नाही. हाती मोजपट्टी असेल तर आणखी घोटाळा. रस्त्याची, कालव्याची किंवा भूसंपादनाची मोजणी आली असं वाटून मंडळी धास्तावतात. म्हणून मोजपट्टी पिशवीत राहू द्या, आधी राम राम करा.

धुळे, अमळनेर, पारोळा, साक्री, शिंदखेडा या भागात अहिराणीतली दोन वाक्यं पुरतात:

"राम राम आबा. हाऊ वड कितला सालना शे?"

"मना आजाना पहिलेपासून शे, भाऊ. बस आठे."

म्हणजे हा वड किती वर्षांचा आहे असं विचारायचं, आणि माझ्या आजोबांच्या आधीपासून आहे, बस इथे, असं उत्तर येतं. एवढं झालं की चहा येतो. घाई असली तरी चहाला नाही म्हणू नका. रावेर-यावलकडे हीच अहिराणी चालवायला गेलात तर लोक हसतील. तिथली बोली वेगळी, तिथे सरळ मराठीत बोला. सातपुड्यात पावरी, भिलोरी, वसावे मंडळींची बोली. तिथे गावातला एखादा शाळकरी मुलगा किंवा आशाताई सोबत असली तर बोलणं सोपं जातं. वडीलधाऱ्यांना आबा, आप्पा, नाना, बाईमाणसाला मावशी किंवा ताई. "काका, ओ काका" असं शहरी पद्धतीने लांबून ओरडू नये.

आदिवासी गावांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार अनेक ग्रामसभांना गावाच्या वनावर सामूहिक हक्क मिळाले आहेत. त्यामुळे तिथे गावाला विचारणं हा नुसता शिष्टाचार राहत नाही, तो त्यांचा कायदेशीर अधिकार आहे. मोहाची झाडंही बहुतेक ठिकाणी घराघरांत वाटून घेतलेली असतात. जंगलात उभं असलं तरी ते कोणाचं तरी असतं. पहाटे खाली पडलेली फुलं म्हणजे त्या घराचं वर्षाचं उत्पन्न, त्यांवर पाय देऊन फोटो काढू नका.

वाघदेव, गावदेव यांच्या जागी चपला काढायच्या का, फोटो चालतो का, बायकांनी जायचं का, हे प्रत्येक गावाचं वेगळं असतं. विचारा आणि सांगितलं तसं करा. तिथे वाद घालायला आपण आलेलो नाही.

झाड मोजायचं कसं

"चार माणसांच्या कवेत न मावणारा वड" हे वर्णन ऐकायला छान, पण दहा वर्षांनी तो वाढला की खंगला हे त्यावरून कळत नाही. मोजायला पाच मिनिटं लागतात.

बुंध्याचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर मोजतात. वनखात्याची मोजणीही याच उंचीवर होते. उतारावरच्या झाडाला ही उंची वरच्या बाजूने धरायची. शिंप्याची टेप दीड मीटरची, ती पुरणार नाही. सुतळी गुंडाळा, जिथे टोक मिळेल तिथे गाठ मारा आणि मग सुतळी जमिनीवर पसरून मोजा. त्या उंचीवर गाठ, फोड किंवा फांदी फुटलेली असेल तर थोडं वर-खाली मोजा आणि किती उंचीवर मोजलं ते लिहून ठेवा.

वडाची गोष्ट निराळी. पारंब्या खोडाला चिकटून एकजीव झालेल्या असतात आणि मूळ बुंधा कुठे संपतो हे सांगता येत नाही. तिथे घेराच्या आकड्यात फार अर्थ नाही. त्याऐवजी विस्तार मोजा. भर दुपारी सावलीची कड सापडते. एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत पावलं टाका, मग काटकोनात दुसरी फेरी, दोन्हींची सरासरी घ्या. जमिनीत रुजलेल्या पारंब्या मोजा. लोंबकळणाऱ्या सोडून द्या. गुरं खातात म्हणून वा रस्त्यात येतात म्हणून पारंब्या छाटल्या असतील तर तेही लिहा, कारण अशा वडाचा पसारा पुढे आधाराविना तुटतो.

उंचीसाठी सावलीचा हिशेब. एक मीटरची काठी सपाट जमिनीवर सरळ उभी करा, तिची सावली मोजा, लगेच झाडाची सावली मोजा. काठीची सावली 80 सेंटिमीटर आणि झाडाची 14.4 मीटर असेल तर 14.4 भागिले 0.8, म्हणजे उंची 18 मीटर. झाडाची सावली बुंध्याच्या मध्यापासून शेंड्याच्या टोकापर्यंत धरायची. पसरट वडाला ही रीत नीट लागू पडत नाही, अंजन, साग, सावरीला चांगली पडते.

वयाचं काय?

प्रत्येक गावातला वड पाचशे वर्षांचा असतो, निदान सांगणाऱ्याच्या मते. सागाच्या लाकडात वर्षाची वलयं स्पष्ट उमटतात, त्यामुळे तोडलेल्या सागाचं वय मोजता येतं. वड-पिंपळाच्या बाबतीत वलयांचा असा भरवसा नाही. त्यात जुन्या बुंध्याचा गाभा बहुधा पोकळ झालेला असतो, म्हणजे सगळ्यात जुनं लाकूडच नाहीसं झालेलं. घेराला ठरावीक आकड्याने भागून वय काढण्याची जी सूत्रं फिरतात ती थंड प्रदेशातल्या झाडांवरून आलेली आहेत. विहिरीजवळचा, पाणी प्यायलेला वड साठ-सत्तर वर्षांतही भलामोठा होतो, आणि खडकावरचं अंजन शंभरी गाठूनही किरकोळ दिसू शकतं.

त्यापेक्षा माणसांच्या आठवणीला खुंटी द्या. "1972 च्या दुष्काळात हे झाड केवढं होतं? तेव्हा याच्याखाली काय होतं?" असं विचारलं की आकडा नाही, पण चित्र मिळतं. दुष्काळी कामाची खडी इथे फोडायचो, छावणीची गुरं इथे बांधायचो, असं कोणी सांगितलं तर झाड तेव्हा सावली देण्याइतकं मोठं होतं हे पक्कं झालं. दोन-तीन घरांतून तीच गोष्ट आली तर लिहून ठेवा. वहीत "किमान इतक्या वर्षांचं" एवढंच लिहावं. पाचशे हा आकडा ज्याने सांगितला त्याच्या नावावर राहू द्यावा.

ओळखायला शिका

अंजन ओळखायला सोपं: पानाच्या दोन पाकळ्या, देठाशी जोडलेल्या. आपट्याचं पानही दोन भागांचं, पण ते मधे जोडलेलं असतं, अंजनाच्या पाकळ्या पुरत्या सुट्या. फांद्या खाली झुकलेल्या, लाकूड अतिशय जड. धुळ्याकडच्या उघड्या, दगडाळ टेकड्यांवर हे झाड ज्या चिवटपणे उभं असतं, त्याला माझ्या लेखी खान्देशाचं झाड म्हणायला हरकत नाही. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली त्याच्या फांद्या ओरबाडू नयेत, हे वेगळं सांगायला नको.

कहांडोळाची साल पांढरट, गुळगुळीत, कागदासारखी सुटणारी. सालईची साल हिरवट-पिवळट आणि तिचाही पापुद्रा निघतो, पण डिंकाला धुपासारखा वास येतो. धावड्याचं खोड राखाडी-पांढरं, त्यावर ठिगळं पडल्यासारखी. डिंकासाठी खोडाला खाचा मारलेल्या दिसतील. किती जुन्या, भरून आल्यात का, हे बघण्यासारखं असतं.

पाटणादेवी: पहिल्या खेपेला हेच

चाळीसगावपासून साधारण 18 किलोमीटर. गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या, म्हणजे 1986 साली जाहीर झालेल्या सुमारे 260 चौरस किलोमीटर जंगलाच्या, उत्तर अंगाला हे ठिकाण येतं. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून आणि शुल्क भरून आत जायचं. चंडिकादेवीचं देऊळ, मागे कड्यांची नालाकृती भिंत. इथेच भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. दगड-धोंड्यातून गणिताचा धागा निघतो तो असा.

सकाळी सातपर्यंत पोहोचा. देवळापासून ओढ्याच्या काठाने केदारकुंडाकडे चालायचं. वाट दगडातून, काही ठिकाणी ओढ्यातूनच. दोन्ही काठांवर अर्जुन, उंबर, करंज यांची जुनी झाडं, पुराने मुळं उघडी पडलेली. त्या मुळांनी धरलेला गाळ बघा, काठ कशामुळे टिकलाय ते तिथे दिसतं. धवलतीर्थाचा धबधबा निराळ्या बाजूला, दोन्ही एकाच दिवशी करायचे तर दुपारचं जेवण डब्यातच हवं. अंगात दम असेल त्यांनी कान्हेरगडावर जावं. पितळखोऱ्याच्या लेण्यांची वाटही इथून आहे, पण माहितगार सोबत असल्याशिवाय ती धरू नका.

पावसाळ्यात वर ढग दाटलेले दिसले की ओढ्यातून बाहेर या, खाली ऊन असलं तरी. 2021 च्या ऑगस्टअखेर याच डोंगरात झालेल्या पावसाने कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि तितूर-डोंगरी नद्यांचा पूर चाळीसगावात शिरला. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज बदलला, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही.

चोपडा, यावल, रावेर

अडावदजवळ उनपदेव. डोंगराच्या कुशीत गोमुखातून बारमाही गरम पाणी कुंडात पडतं. शरभंग ऋषींसाठी रामाने बाण मारून हे पाणी काढलं, अशी कथा लोक सांगतात. भूगर्भाचे अभ्यासक तापीच्या खोऱ्याला लागून असलेल्या खोल भेगांकडे बोट दाखवतात. पाणी जमिनीत खोल जाऊन तापतं आणि भेगेतून वर येतं. हिवाळ्यात पहाटे गेलात तर वाफ दिसते. लोक श्रद्धेने स्नानाला येतात, कुंडात साबण-शाम्पू वापरू नका.

तिथून यावलच्या दिशेने आडगाव आणि मनुदेवी. देवळामागचा धबधबा पावसाळ्यातच. देवळापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात नाला लागतो, जोराचा पाऊस असेल तर त्या दिवशी बेत रद्द करा.

जंगल नीट बघायचं असेल तर पाल. रावेर तालुक्यातलं हे गाव म्हणजे यावल अभयारण्याचं दार. 1969 सालचं हे अभयारण्य, क्षेत्र सुमारे 177 चौरस किलोमीटर, आत लंगडा आंबा, जामन्या ही ठिकाणं. परवानगी वनपरिक्षेत्र कार्यालयातून घ्यावी आणि वनरक्षकाशी बोलून वाटाड्या घ्यावा. अभयारण्यात ड्रोन चालत नाही, विस्तव चालत नाही, संध्याकाळनंतर थांबता येत नाही.

तोरणमाळ

शहाद्याहून सुमारे 55 किलोमीटर, शेवटी सातपायरीचा घाट. पेट्रोल शहाद्यातच भरा. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून जास्त उंचीचं पठार, मधोमध यशवंत तलाव, कडेला सीताखाईची दरी, गोरखनाथांचं देऊळ. लोक तलावाभोवती चक्कर मारतात, सीताखाईत डोकावतात आणि परततात. एक मुक्काम करा. पहाटे तलावावरून निघून पठारावरच्या पाड्यांकडे चालत गेलात तर शेतांच्या मधे राखलेले जुने मोह आणि आंबे दिसतात. शेत नांगरताना त्यांना वळसा घालतात, तो वळसा बघण्यासारखा आहे. राहायची सोय आधीच ठरवा, आणि फोनला रेंज नसेल असं धरून घरी निरोप देऊन निघा.

अस्तंबा, सुमारे 1,325 मीटर, सातपुड्यातलं महाराष्ट्राच्या बाजूचं उंच शिखर. यात्रेव्यतिरिक्त जायचं असेल तर स्थानिक सोबत्याशिवाय नको. वाटा फुटतात आणि पाणी कमी.

साक्री-नंदुरबारच्या दगडी भिंती

याकडे कोणी सहल म्हणून जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. साक्री, दोंडाईचा, नंदुरबार या टापूत मैदानातून लांबच लांब, अरुंद, सरळ टेकड्या जाताना दिसतात, बहुतेक पूर्व-पश्चिम. कोणीतरी तट बांधलाय असं वाटतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर येत असताना जमिनीला भेगा पडल्या, त्यांत शिरलेला लाव्हा आतच थिजला. भोवतालचा खडक झिजून गेला, ही भिंत उरली. भूशास्त्रात याला डाइक म्हणतात. काही कित्येक किलोमीटर लांब आहेत.

बघायचं कसं? कललेलं ऊन हवं, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. रस्त्याने भिंत कापलेली असते तिथे गाडी कडेला घेऊन थांबा: भिंतीचा दगड, त्याच्या आडव्या चिरा आणि बाजूच्या खडकाशी लागलेली कड स्पष्ट दिसते. शेजारच्या शेतकऱ्याला विहिरीबद्दल विचारा. भिंतीच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला ठणठणाट, असं काही ठिकाणी ऐकायला मिळतं, कारण हा खडक जमिनीखालचं पाणी अडवतो.

याच फेरीत पिंपळनेरकडे बारीपाडा. उजाड झालेलं सुमारे 445 हेक्टर जंगल या गावाने राखून पुन्हा उभं केलं, त्या कामाबद्दल चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. इथे जुन्या एकट्या झाडाऐवजी राखलेलं रान कसं दिसतं ते कळतं. आधी कळवून जा. पावसाळ्यात रानभाज्यांची स्पर्धा असते तेव्हा गेलात तर जेवणाचा वेगळा विचार करायला नको. अलालदरीचा धबधबाही याच बाजूला, तोही पावसाळ्यातच.

तापीच्या संगमांसाठी वेगळा दिवस ठेवा. चांगदेवला तापी-पूर्णा, मुडावदला तापी-पांझरा, प्रकाशाला तापी-गोमाई. संगमावरचे मातीचे उंच कडे गाळाचे आहेत आणि खालून पोखरलेले असतात, त्यांच्या टोकावर उभे राहू नका. हिवाळ्यात चांगदेवला जोडून हतनूरच्या जलाशयावरचे पक्षी होतात.

जिवाला जपा

मोठ्या झाडावरचा सगळ्यात मोठा धोका आग्या मोहोळाचा. वड, सावर आणि कडे ही त्याची आवडती ठिकाणं. झाडाखाली जाण्याआधी वर बघा. मोहोळ असेल तर धूर, अत्तर, आरडाओरडा, दगड मारणं काहीही नको, लांबूनच बघा. माश्या उठल्याच तर तोंड झाकून पळा, मोटारीत किंवा घरात शिरा. पाण्यात बुडी मारू नका, त्या वर घोंघावत थांबतात.

हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगांपासून जपा, वाऱ्यानेही कूस उडते. बिब्ब्याच्या चिकाने कातडी भाजते. पारंब्यांच्या बेचक्यात, ढोलीत, दगडाच्या फटीत हात घालू नका. साप चावला तर 108 ला फोन, रेंज नसेल तर मिळेल त्या गाडीने जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. भगताकडे वेळ घालवू नका, चिरा देऊ नका.

उन्हाळ्यात माणशी चार लिटर पाणी, टोपीपेक्षा मोठा रुमाल. बिनबाह्यांचे कपडे शहरात ठेवा.

नोंद आणि नंतरचं काम

वहीत एका झाडाला एक पान: गाव, तालुका, झाडाचं स्थानिक नाव, घेर आणि मोजण्याची उंची, विस्तार, ढोली, खिळे, तारा, जळाल्याच्या खुणा, सांगणाऱ्याने काय सांगितलं. फोटो चारही दिशांनी आणि एकात माणूस उभा, म्हणजे माप कळतं. दरवर्षी त्याच जागेवरून काढता यावा म्हणून कुठे उभे होतात तेही लिहा.

नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकताना हात आखडता घ्या. पार, देऊळ, पाटणादेवी यांना हरकत नाही. मळ्यातला आंबा, जंगलातलं एकटं कहांडोळ किंवा मोहोळाचं झाड मात्र गावाच्या नावापुरतंच ठेवा.

बुंध्याला खिळे ठोकलेले, बॅनर बांधलेले, सिमेंटचा पार अगदी खोडाला चिकटवलेला दिसला तर ग्रामपंचायतीत सांगा. पार बांधताना बुंध्याभोवती मोकळी माती ठेवायला लावणं त्या वेळीच जमतं, नंतर फोडायला कोणी येत नाही. शहरात, म्हणजे नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीत, शहरी भागातल्या झाडांच्या जतनाच्या कायद्यात 2021 साली झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुनी झाडं वारसा वृक्ष मानली जातात. तोडण्याची नोटीस लागली तर वृक्ष प्राधिकरणाकडे मुदतीत लेखी हरकत देता येते. खेड्यांना हा कायदा लागू नाही. तिथे रस्ता रुंदीकरणाची आखणी सुरू होण्याआधीच ग्रामसभेचा ठराव करून घ्यावा लागतो, आणि त्या ठरावाला तुमच्या वहीतलं मोजमाप आणि फोटो जोडता येतात. म्हणून त्या पानाची एक प्रत सरपंचांकडे किंवा ग्रामसेवकाकडे देऊन पोच घ्या.